पाणी घातलेली शाई

"सही फिकी आलीय, बाई. मशीनवर उठणार नाही. जरा गिरवून द्या," खिडकीमागचा कारकून म्हणाला आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

काम साधंच होतं. विजेच्या मीटरवरचं बाबांचं नाव काढून तिथे माझं लावायचं. मृत्यूचा दाखला, घराचा कागद, माझा फोटो, सगळं टाचणी लावून नीट आणलं होतं. पर्समधून हाताला लागलं ते बाबांच्या डब्यातलं पेन होतं, मीच भरलेलं. मी सहीवरून पुन्हा निब फिरवली. दुसरी रेघ पहिलीवर नेमकी बसली नाही. कुठे केसभर वर गेली, कुठे केसभर खाली आली. अक्षरांना दुहेरी कडा आल्या. सही थरथरल्यासारखी दिसायला लागली. माझा हात तर ठणठणीत होता. मी त्या सहीकडे बघत राहिले, कारण ते अक्षर माझं नव्हतंच. ते बाबांचं होतं, शेवटच्या तीन वह्यांमधलं. डॉक्टरांनी ज्याला कंप म्हटलं, ज्याच्यासाठी मी त्यांना रोज सकाळी आठवणीनं गोळी दिली, ते अक्षर. "झालं ना? द्या इकडे," कारकून म्हणाला. मागचा एक गृहस्थ म्हणाला, "बाई, झालं असेल तर सरका की थोडं." मी सरकले. पावती घेतली की नाही ते आठवत नाही. घरी आल्यावर पर्समध्ये सापडली, म्हणजे घेतली असणार.

कचेरीच्या बाहेर दगडी पायऱ्या आहेत. तिथे एक म्हातारा टायपिस्ट छत्री उघडून बसतो. त्याच्या शेजारच्या पायरीवर मी बसले. दुपारचे बारा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. बाबांचा हात थरथरत नव्हता. ते गिरवत होते. शाई इतकी फिकी होती की एकदा लिहून अक्षर उमटायचंच नाही, म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा काढत होते. आणि शाई फिकी होती, कारण तिच्यात मी पाणी घालत होते. एवढा सरळ हिशेब मला, जिचा अख्खा जन्म द्रावणं पातळ करण्यात गेला तिला, ते गेल्यावर चार महिन्यांनी एका अनोळखी कारकुनाने समजावून दिला. टायपिस्टने विचारलं, "काही टाइप करायचंय का?" मी नाही म्हटलं. "मग बसा निवांत," तो म्हणाला.

बाबांचा आवाज अडीच वर्षांपूर्वी काढून टाकला. काढून टाकला असंच म्हणावं लागतं, कारण गळ्याची ती पेटीच काढली; श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं होतं. त्यातून डब्यात बसून बोलल्यासारखा एकसुरी आवाज यायचा. दोन दिवस वापरलं, तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवून दिलं आणि कागदावर लिहिलं, "हा कोण परका माणूस घरात घेतलास?" मी हसले. तेही हसले, आवाजाशिवाय, नुसते खांदे हलवून. खांदा एकच हलला. ऑपरेशनमध्ये उजव्या खांद्याची नस दुखावली होती. तो खांदा कायमचा उतरला. त्यामुळे बॉलपेन दाबून लिहिलं की पाठीपर्यंत कळ जायची. शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही. नुसतं टेकवायचं आणि न्यायचं. परदेशातल्या दादाने लगेच एक भारी शाईपेन पाठवलं, जाड, सोनेरी पट्टीचं. बाबांनी ते हातात तोललं आणि लिहिलं, "नाकापेक्षा मोती जड." मग मी एकदाच वापरून फेकायची ती प्लॅस्टिकची शाईपेनं आणली. पिसासारखी हलकी. बाबांना इतकी आवडली की दिवसाला एक पेन संपायला लागलं. गप्पिष्ट माणूस होता, आवाज गेला म्हणून बोलणं थोडंच जातं.

फेकायचं म्हणून बनवलेलं पेन फेकायचं, हे मला जमत नाही. ही माझी खोड आहे. मी कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक आहे. तिथे फुटक्या नळीचाही काहीतरी उपयोग निघतो. त्या पेनांना उघडायला जागाच ठेवलेली नसते. मी पकडीच्या दातांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, निब आणि तिच्याखालची काळी जिभली दोन्ही एकत्र धरून सरळ ओढली, अजिबात न पिळता. पिळलं की तडकते, पहिली दोन तशीच गेली. मग आत पाणी, खळखळून धुणं, कागदावर उपडं ठेवणं. सिरिंजने शाई भरायची ती गळ्याच्या बोटभर खालीपर्यंतच. काठोकाठ भरलं तर खिशात ओकतं. जिभली परत बसली की टक असा छोटा आवाज येतो. तो आवाज मला फार आवडायचा. रविवारी सकाळी खिडकीशी टेबल ओढून मी बारा पेनं ओळीने मांडायची, बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचायचे, म्हणजे वाचल्याचं दाखवायचे आणि माझे निळे हात बघायचे. दादा फोनवर म्हणाला, "अगं, नवी डझनभर घेऊन टाक ना. दात कोरून पोट भरतं का कुणाचं?" मी म्हटलं, "थेंबे थेंबे तळे साचे. तू तिकडे राहून इकडची अक्कल शिकवू नकोस." बाबांनी माझ्या बाजूने अंगठा वर केला. दादाला तो दिसला नाही, पण मला दिसला आणि मी दिवसभर खूष होते.

पाणी घालणं आधी उपाय म्हणून सुरू झालं. बाटलीतली शाई दाट होती, जिभलीत वाळून बसायची, पेन अडायचं. चारास एक डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि पेन झुळझुळ चालायला लागलं. मग एकास एक. शेवटच्या सहा महिन्यांत एकास दोन. प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो, दाट द्रावण कपाटात आणि मुलांच्या हातात पातळ. तेवढ्यानेही प्रयोग होतो. मला वाटलं, इथेही होतोय. प्रत्येक रविवारी भरून झालं की मी एक पेन त्यांच्यापुढे धरायची, "बघा, नव्यासारखं." ते कागदावर एक रेघ ओढायचे आणि मान डोलवायचे. एका रेघेवरून त्यांना काय कळलं असेल ते मला आज कळतंय. ते ड्राफ्ट्समन होते. छत्तीस वर्षं पारदर्शक कागदावर इमारतींच्या शाईच्या रेघा ओढल्या त्यांनी. मला लहानपणी मांडीवर घेऊन सांगायचे, "ठिपके, फिकी रेघ छापात उतरत नाही. उतरली नाही की गवंडी तिथे भिंतच बांधत नाही." ठिपकी हे माझं घरातलं नाव. रेघ फिकी दिसली की ती पुन्हा ओढायची, हे त्यांच्या हाडात होतं. वाण्याची यादीसुद्धा गिरवायचे. आई म्हणायची, जित्याची खोड.

आता त्यांच्या बोलण्याची गंमत, किंवा जे काय म्हणायचं ते, सांगते. बोलणारा माणूस पाठमोऱ्या माणसाशीही बोलू शकतो. आवाज होता तेव्हा मी स्वयंपाकघरात, ते बाहेर, तरी त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत यायचं. लिहिणाऱ्याला समोरच्याने थांबावं लागतं. पहिलं वर्षभर मी थांबायची. कढई गॅसवरून उतरवून यायची, खांद्यावरून वाकून वाचायची, अर्ध्या वाक्यातच उत्तर द्यायची. मग त्यांचं लिहिणं हळू झालं. मी म्हणायची, वय झालं. एक शब्द लिहायचा, त्यावरून पुन्हा पेन फिरवायचं, पुन्हा पुढचा. मी घड्याळाकडे बघत उभी. कॉलेजात साडेनऊचं प्रॅक्टिकल. "संध्याकाळी वाचते, बाबा," हे वाक्य मी त्या काळात किती वेळा म्हटलं असेल! आणि संध्याकाळी कुठली वाचतेय. सकाळचं बोलणं संध्याकाळी शिळं झालेलं असायचं. म्हणजे पाणी मी घातलं, त्यामुळे त्यांना दुप्पट वेळ लागायला लागला, आणि दुप्पट वेळ लागतो म्हणून मी त्यांच्यासमोरून उठून जायला लागले. हे मी पायरीवर बसून एकेक पायरी लावत बसले होते.

कारण त्या साऱ्या न वाचलेल्यांत एक पान असं होतं, ज्याचं उत्तर मला हवंच होतं. अजूनही हवं आहे. ते जायच्या अकरा आठवडे आधीची गोष्ट. दूरच्या एका शहरातल्या मोठ्या संस्थेने मला बोलावलं होतं, तिथली अख्खी प्रयोगशाळा माझ्या हाताखाली. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मी आठवडाभर ते पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले, बाबांना बोलले नाही. मनात त्यांच्याशी भांडत मात्र रोज होते. शुक्रवारी सकाळी चहाचा कप जरा जास्त जोरात ठेवला गेला आणि तोंडातून सगळं बाहेर पडलं. दादा तिकडे मजेत, मी इथे अडकलेली, पंचेचाळीस वर्षं होतील आता मला, कुणी विचारलं का कधी. आणि शेवटी मी म्हणाले, "मी इथे हवी आहे का तुम्हाला, की नको आहे? एकदाचं लिहून द्या ना, म्हणजे मी सुटले!" बाबांनी वही ओढली. लिहायला लागले. मी दारात, पायात चप्पल. पहिला शब्द लिहिला आणि त्यावरूनच पुन्हा पेन फिरवायला लागले, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मला वाटलं, मुद्दाम वेळ काढताहेत. उत्तर द्यायचं नाही म्हणून पेनाशी खेळताहेत. त्यांनी वही उचलून माझ्याकडे धरली तेव्हा मी बघितलंही नाही. "राहू द्या. कळलं मला," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

काय कळलं होतं मला? काहीच नाही. दुपारी मी संस्थेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या, त्यांचा हात वहीकडे जायच्या आत मी म्हणाले, "सकाळचं काही काढायचं नाही आता. मी 'नाही' म्हणून कळवलंय. संपलं." त्यांनी वही मिटली. मग अकरा आठवडे मी ते "नाही" त्यांच्या ताटात वाढत राहिले, दोन्ही वेळेला. बोलून नाही, भांडी आपटून. ते निमूट जेवायचे. आणि एका मंगळवारी दुपारी, मी कॉलेजात असताना, खुर्चीतल्या खुर्चीत गेले.

पायरीवरून उठून मी चालत घरी आले. टायपिस्ट म्हणाला, "ऊन आहे, सावलीने जा." घर तसंच होतं. वह्या खिडकीच्या फळीवर, अकरा. चार महिने मी त्यांना हात लावला नव्हता. बाबांनी प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात नकाशाला करतात तशी चौकट आखली होती, आत तारीख आणि पानाचा आकडा. त्यामुळे काही शोधावं लागत नाही. वाचताना मात्र वेड लागायची पाळी येते, कारण वहीत सगळी त्यांचीच वाक्यं. "नको." "तू घे." "काल म्हणालीस तेच." "हळू बोल, शेजारची ऐकेल." माझं बोलणं कुठेच नाही. मध्ये मी काय बोलले असेन ते त्यांच्या उत्तरावरून ताडायचं, आणि ताडून ताडून जी बाई पानापानांवर उभी राहत होती, ती मला काही फारशी आवडली नाही.

आधी, कंपासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो त्या तारखेचं पान उघडलं. तिथे डॉक्टर माझ्याशीच बोलत होते, "कधीपासून आहे हा कंप? झोप लागते का त्यांना?" जसं काही बाबांचे कानही कापले होते. बाबा तेवढ्यात काहीतरी लिहून डॉक्टरांपुढे धरत होते. डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहीत होते. मी वही हळूच खाली घेतली होती, हे मला स्पष्ट आठवतं, मीच म्हणाले होते, "घरी वाचते हं." त्या पानावर दुहेरी अक्षरात लिहिलं होतं: "हात बरा आहे. शाई पाणचट आहे, म्हणून गिरवतो. मुलीला सांगू नका. रविवारी फार मन लावून भरते." मी वही छातीशी धरून जमिनीवर बसले. त्या गोळीने त्यांना पेंग यायची. दहा-साडेदहाला मान खाली. माझं मन राखायला माणूस अर्धा दिवस झोपून काढत होता आणि मी शेजारणीला सांगत होते, हल्ली फार झोपतात हो. बाबा, अहो, एकदा माझ्या तोंडावर फेकायचं होतं ते पेन. ओरडता येत नव्हतं, फेकता तर येत होतं.

मग शुक्रवारचं पान. वरती एकच शब्द: "थांब." चार वेळा गिरवलेला, गडद होईपर्यंत. कागद तिथे थोडा फाटला आहे. हाच त्यांनी माझ्यापुढे धरला होता. आणि त्याच्या खाली साडेतीन ओळी. म्हणजे मी गेल्यावरही ते लिहीत राहिले होते. या वेळी शब्दाशब्दाला न थांबता सगळं आधी लिहून काढलं आणि मग गिरवायला सुरुवात केली असणार, शब्दांवरच्या आडव्या रेघांपासून, कारण आधी वरची रेघ आणि मग बाकीचं ही त्यांची पद्धत. त्या आडव्या रेघा तेवढ्या गिरवून झाल्या आहेत. पुढे बहुतेक गोळीची पेंग आली. रेघांच्या खाली आता काहीच नाही. एकदाच लिहिलेली, एकास दोन शाई, स्वस्त कागद आणि खिडकीतली दमट हवा. ती टिकत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू शकते. पान उजेडात धरलं, तिरकं धरलं, चष्मा काढून डोळ्याला लावलं. बॉलपेन असतं तर कागदावर चर तरी पडला असता. बोट फिरवून वाचलं असतं. न दाबता लिहिता यावं म्हणून तर ही पेनं आणली होती. साडेतीन ओळी, वाळत घातलेले कपडे काढून नेल्यावर दोऱ्या राहतात तशा. एकेक शब्दाची एकेक रेघ, म्हणून शब्द मोजता येतात. सतरा आहेत. हो म्हणायला सतरा शब्द लागत नाहीत. नको म्हणायलाही लागत नाहीत. मी ते सतरा शब्द शंभर तऱ्हांनी भरून बघितले, प्रेमाचे, रागाचे, समजुतीचे. सगळे बसतात. जे हवं ते बसतं, म्हणून त्यातलं काहीच त्यांचं नाही.

चार वाजले असतील. मी त्यांच्या डब्यातलं एक पेन घेतलं, माझ्याच हातचं, आणि त्यांच्या खुर्चीत बसून कोरं पान उघडलं. मोबाइलवर वेळ लावली. प्रयोगशाळेतली सवय, दुसरं काही करता येत नसलं की मोजायचं. मी सतरा शब्द लिहिले. "बाबा, मला कुठेच जायचं नव्हतं. तुम्ही एकदा जाऊ नकोस म्हणायला हवं होतं, म्हणून भांडले. माझं चुकलं, बाबा." सतरा आपोआप झाले नाहीत, मोजून केले. मग पहिल्यापासून गिरवायला घेतले, त्यांच्यासारखेच, आधी वरच्या रेघा, मग एकेक अक्षर, सावकाश, घाई न करता. शेवटचा काना गिरवून झाल्यावर वेळ थांबवली. तीन मिनिटं पन्नास सेकंद.

त्या शुक्रवारी मी तणतणत जिना उतरून थांब्यावर गेले, तर बस आलीच नव्हती. चांगली वीस मिनिटं उभी होते. थांब्यावरून आमची खिडकी समोर दिसते. बाबा वहीवर वाकलेले दिसत होते आणि त्यांनी एकदा मान वर करून खाली बघितलं, तेव्हा मी मुद्दाम तिकडे पाठ करून उभी राहिले.